जुन्या फर्ग्युसनला त्याच्याच काळाचे पार्ट: ओळखायचे कसे?

जुना ट्रॅक्टर रंग मारून, पॉलिश करून उभा केला की बघणारे लोक बोनेटकडे बघतात. जाणकार मात्र खाली वाकतो आणि बोल्टची डोकी, डायनॅमोची पाटी, पुढच्या चाकाची रिम बघतो. १९५२ च्या ट्रॅक्टरवर ८.८ छापलेला बोल्ट दिसला की त्याला कळायचे ते कळते.

हा लेख अशाच तपासणीबद्दल आहे. उदाहरणासाठी फर्ग्युसन टीई २० घेतला आहे. इंग्लंडात कव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात स्टँडर्ड मोटर कंपनीने १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून जास्त टीई २० बनवले. त्यामुळे माहिती भरपूर मिळते, पार्ट मिळतात, आणि नकली पार्ट त्याहून जास्त मिळतात. पद्धत एकदा हातात बसली की ती इतर कुठल्याही जुन्या ट्रॅक्टरला लागू पडते. भारतीय ट्रॅक्टरांसाठी काय बदलते ते शेवटी सांगितले आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. 'ओरिजिनल' हा शब्द आपल्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टींना वापरतात. पहिला प्रकार म्हणजे कारखान्यातून ट्रॅक्टरबरोबरच आलेला पार्ट. दुसरा म्हणजे कंपनीनेच, पण नंतरच्या वर्षांत, स्पेअर म्हणून विकलेला पार्ट. तिसरा, कुणीतरी नमुना बघून बनवलेला. दुकानदार तिन्हींना ओरिजिनलच म्हणणार. तुम्ही मात्र वहीत तीन रकाने आखा आणि प्रत्येक पार्ट त्यांपैकी एकात टाका. दुसऱ्या रकान्यातला पार्ट वापरायला काही हरकत नाही, फक्त त्याला पहिल्या रकान्यात घुसवू नका.

आधी ट्रॅक्टरचा जन्म ठरवा

पार्ट काळाला धरून आहे की नाही हे ठरवायचे तर तो काळ कोणता, हे आधी पक्के हवे. आरसी बुकावरचे वर्ष पुरावा म्हणून कच्चे. आयात झालेला ट्रॅक्टर बंदरात, गोदामात, विक्रेत्याकडे पडून राहायचा आणि नोंदणी मागाहून व्हायची. तेव्हा डॅशवरची पाटी बघा. तिच्यावर मॉडेलची अक्षरे आणि अनुक्रमांक असतो, त्यावरून वर्ष काढता येते.

टीई म्हणजे इंग्लंडात बनलेला. अमेरिकेत डेट्रॉइटला बनलेल्यांवर टीओ असते. पुढचे अक्षर इंजिन आणि बांधणी सांगते. नुसते टीई २० असेल तर अमेरिकन कॉन्टिनेंटल इंजिन. हे अगदी सुरुवातीचे. टीईए म्हणजे स्टँडर्डचे पेट्रोल इंजिन. टीईडी १९४९ पासूनचा, ट्रॅक्टर व्हेपरायझिंग ऑइलवर, म्हणजे रॉकेलच्या जवळच्या इंधनावर चालणारा. टीईएफ हा १९५१ पासूनचा डिझेल. टीईएच दिव्याच्या तेलावरचा. बी, सी, ई ही अक्षरे अरुंद बांधणीच्या ट्रॅक्टरांची, आणि के, एल, एम द्राक्षबागांसाठी बनवलेल्यांची.

आता इंजिनावरचा नंबर शोधा. स्टँडर्ड इंजिनाचा नंबर 'एस'ने सुरू होतो आणि शेवटी 'ई' असतो. तो ब्लॉकवर पंचाने मारलेला असतो आणि त्यावर सत्तर वर्षांचे ग्रीस, माती, रंग बसलेला असतो. तिथे तारेचा ब्रश फिरवू नका. डिझेलमध्ये भिजवलेले फडके रात्रभर बांधून ठेवा, सकाळी लाकडी खपलीने खरवडा. ठसे उथळ असतात, ब्रशने घासले की गेले.

पाटी एक सांगते आणि इंजिन दुसरे, असे झाले तर घाबरायचे कारण नाही. उलट तपास तिथूनच सुरू होतो. पाटी काढून दुसऱ्या ट्रॅक्टरवर लावणे फार सोपे. दोन-चार स्क्रूंचा तर प्रश्न. स्क्रूंच्या खाचा ताज्या दिसतात का, पाटीखाली रंगाचे किती थर आहेत, हे बघून ठेवा.

खोलण्याआधी फोटो

हे सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात. चारही बाजूंनी, वरून, खालून फोटो. प्रत्येक तारेचा रस्ता, प्रत्येक क्लिपची जागा. सुटलेला एकही नट फेकायचा नाही, मोडलेलासुद्धा. मोडका पार्ट हाच पुढे नवा विकत घेताना नमुना असतो. भंगारवाला दारात येईल तेव्हा घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

जुन्या ब्रेक आणि क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके टाकून द्या.

वायरिंग आणि लुकासचे डबे

तारखा शोधायला सगळ्यात चांगली जागा हीच, म्हणून इथे वेळ घालवा. डायनॅमो, सेल्फ, डिस्ट्रिब्युटर, कटआउटचा डबा हे सगळे लुकास कंपनीचे. त्या काळी लुकास आपल्या मालावर मॉडेल, पार्ट नंबर आणि महिना-वर्ष पंच करत असे. डायनॅमोच्या अंगावरचा रंग पातळ थिनरने हळूहळू उतरवला की लहान आकडे वर येतात. '३ ५२' असे दिसले तर तो मार्च १९५२ चा.

ही तारीख ट्रॅक्टरच्या तारखेशी लावून बघा. पार्ट ट्रॅक्टरच्या थोडा आधी बनलेला असला पाहिजे, कारण तो लुकासकडून निघून कव्हेंट्रीला पोचून बसवला जायचा. काही आठवडे, काही महिने आधीचा असेल तर उत्तम. ट्रॅक्टरपेक्षा नंतरचा असेल तर तो बदललेला आहे, त्यावर वाद नको. आणि तीन-चार वर्षे आधीचा असेल तर? तोही बहुधा दुसऱ्या ट्रॅक्टरवरून आलेला. लोक हे विसरतात. 'जुना आहे म्हणजे खरा आहे' हा हिशोब चुकीचा.

डब्यावर 'लुकास-टीव्हीएस' असेल तर प्रश्नच मिटला. ती कंपनी १९६१ ची, आणि टीई २० चे उत्पादन १९५६ ला थांबलेले. तो पार्ट आपल्याकडच्या दुरुस्तीतला. चांगला चालत असेल तर चालू द्या, पण वहीत दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यात.

सुरुवातीचे ट्रॅक्टर सहा व्होल्टचे, १९५१ च्या आसपास बारा व्होल्ट आले. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या सहा व्होल्टवाल्यांना कधी ना कधी बारा व्होल्टची बॅटरी जोडलेली असते. आणखी एक: या ट्रॅक्टरांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला अर्थ केलेले असते. आजचा इलेक्ट्रिशियन सवयीने निगेटिव्ह अर्थ करून जातो. अल्टरनेटर बसवलेला असेल तर अर्थ उलटा केलेला असणारच.

सेल्फ मारण्याची पद्धतही तपासून घ्या. या ट्रॅक्टरला वेगळे बटण नाही. गिअरची दांडी 'एस' खुणेच्या जागी ढकलली की सेल्फ फिरतो, म्हणजे गिअरमध्ये असताना ट्रॅक्टर चालूच होऊ शकत नाही. डॅशवर नंतर बसवलेले पुश बटण दिसले तर खालची मूळ यंत्रणा बहुतेक तुटलेली किंवा काढून टाकलेली असते. ती परत बसवणे हे माझ्या मते या ट्रॅक्टरच्या पुनर्बांधणीतले सगळ्यात मोलाचे काम आहे. रंगावर खर्च करण्याआधी हे करा. काळाला धरून तर आहेच, शिवाय जीव वाचवणारे आहे.

नट-बोल्ट: सुताचा हिशोब

आपल्या गॅरेजमध्ये अजूनही तीन सुती, चार सुती बोल्ट म्हणतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हा हिशोब इथे फार उपयोगी, कारण टीई २० इंचाचा ट्रॅक्टर आहे. पण इंचातही प्रकार आहेत. बरेचसे जुने ब्रिटिश यंत्र व्हिटवर्थ किंवा बीएसएफ या जुन्या ब्रिटिश मापांच्या आट्यांचे. फर्ग्युसन मात्र अमेरिकेतल्या फोर्ड-फर्ग्युसनच्या वंशातला, म्हणून त्याचे बहुतेक बोल्ट अमेरिकन धर्तीच्या आट्यांचे. फर्ग्युसनबरोबर येणारा तो प्रसिद्ध दुतोंडी पानासुद्धा त्याच मापाचा. त्यावर इंचांच्या खुणाही असतात, नांगराची मापे लावायला.

आटे मापायचा पत्त्यांचा गेज घ्या, शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. तीन सुती बोल्टला जाड आटे असतील तर इंचात १६, बारीक असतील तर २४. गेजला २० लागले तर तो बीएसएफ. कार्बोरेटर किंवा इलेक्ट्रिकच्या डब्यांत दिसला तर चालेल, गिअरबॉक्सच्या कव्हरला दिसला तर कुणीतरी घुसवलेला. व्हिटवर्थलाही १६ च आटे असतात, फक्त कोन ५५ अंशांचा आणि यांचा ६० अंशांचा. गेज उजेडासमोर धरून बघितले तर फट दिसते.

खरी गोची मेट्रिकची. अडीच सुती बोल्टची जाडी ७.९४ मिलिमीटर, आणि एम-८ ची ८. एम-८ चा बोल्ट अडीच सुतीच्या भोकात दोन-तीन आटे आरामात जातो, मग अडकतो. फिटर पान्याला पाइप लावतो, बोल्ट आत जातो, आणि ओतीव लोखंडातले आटे कायमचे बिघडतात. पुन्हा १३ चा पाना अर्धा इंची डोक्यावर जवळजवळ बसतो, त्यामुळे खोलतानाही शंका येत नाही. म्हणून प्रत्येक बोल्ट सुटा करून गेज लावून बघा. कंटाळवाणे आहे, संध्याकाळी चहा घेत बसून करायचे काम.

डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतील तर ते मेट्रिक आणि नंतरचे, निश्चित. इंग्लंडातल्या युनिफाइड, म्हणजे अमेरिकन धर्तीच्याच आट्यांच्या, बोल्टांच्या डोक्यावर एकमेकांना चिकटलेली तीन वर्तुळे दिसतात. असे बोल्ट १९५० च्या दशकातल्या ट्रॅक्टरवर शोभतात, पण १९४७ च्या ट्रॅक्टरवर ते दिसले तर नंतर आलेले. नव्या बोल्टांचा पिवळसर झिंक मुलामा तर लांबूनच ओरडतो. योग्य आट्यांचा पण मुलाम्याचा बोल्ट मिळाला तर मुलामा उतरवून काळा करून घ्या.

इंजिन: व्हॅनगार्डचे नातेवाईक

स्टँडर्डचे हे इंजिन मोटारींतही होते. सिलिंडरचे माप पेट्रोल ट्रॅक्टरमध्ये आधी ८० मिलिमीटर, १९५१ च्या सुमारास ८५ झाले. ८५ मिलिमीटरचे, २,०८८ सीसीचे इंजिन म्हणजे स्टँडर्ड व्हॅनगार्ड मोटारीच्या इंजिनाचा सख्खा भाऊ. व्हॅनगार्ड आपल्याकडे मद्रासमध्ये तयार व्हायची, रस्त्यांवर दिसायची. साहजिकच ट्रॅक्टरला पिस्टन, लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) लागले की मोटारीचे बसवले जाण्याची वाट खुली होती. हे इंजिन पाण्यात बसणाऱ्या लायनरचे, लायनर काढून दुसरे घालता येतात. म्हणून नुसते माप घेऊन वर्ष ठरवू नका. ८५ निघाले म्हणजे ट्रॅक्टर १९५१ नंतरचा, असे नाही. ब्लॉकवरचा नंबर 'एस'ने सुरू होत नसेल तर ब्लॉकच मोटारीचा असण्याची शक्यता धरा.

पिस्टन मोटारीचे असतील तर कॉम्प्रेशन बदलते. पेट्रोलवाल्याला ते चालून जाते. व्हेपरायझिंग ऑइलवाला टीईडी मात्र मुद्दाम कमी कॉम्प्रेशनचा बनवलेला, तिथे ठोके ऐकू येतात.

टीईडी खरा की नंतर बनवलेला, हे टाकीवरून समजते. त्याच्या टाकीत पेट्रोलसाठी लहानसा वेगळा कप्पा असतो आणि खाली तीन वाटांचा कॉक. पेट्रोलवर सुरू करायचा, गरम झाला की तेलावर टाकायचा. कप्पा नसलेली टाकी म्हणजे बोनेट-टाकी बदललेली, किंवा पाटीच दुसऱ्याची.

डिझेलचे आणखी एक गमतीचे प्रकरण आहे. त्याच काळात पर्किन्स कंपनी टीई २० मध्ये बसवायला पी-३ हे तीन सिलिंडरचे डिझेल इंजिन विकत असे. म्हणजे तुमच्या फर्ग्युसनमध्ये पर्किन्स दिसले तर लगेच नाक मुरडू नका. ते कारखान्याचे नसले तरी काळाचे असू शकते. पाटी वाचा. पीटरबरोचे, म्हणजे पर्किन्सच्या इंग्लंडातल्या कारखान्याचे, असेल तर शोध पुढे चालवा. मद्रासच्या सिम्पसनचे असेल तर ते भारतात बनलेले पर्किन्स, नंतरच्या दुरुस्तीत आलेले. सिम्पसनचे इंजिन काढून टाका असे मी म्हणणार नाही. चाळीस वर्षे ज्या इंजिनाने ऊस ओढला तेही त्या ट्रॅक्टरच्या इतिहासातच येते. फक्त तुम्हाला कारखान्यातला ट्रॅक्टर उभा करायचा आहे की शेतातला, हे आधी ठरवा आणि मग मध्येच मन बदलू नका.

पत्रा, रंग आणि बिल्ले

टीई २० नखशिखांत राखाडी. इंजिनसुद्धा राखाडी. तांबूस-सोनेरी इंजिन आणि राखाडी पत्रा असेल तर तो नंतरचा, १९५६ चा एफई ३५. लाल पत्रा आणि राखाडी इंजिन म्हणजे मॅसी फर्ग्युसन ३५. टीई २० वर लाल बोनेट असणे म्हणजे नंतर कुणाच्या तरी हौसेचा रंग.

मूळ रंग शोधायला पाटीच्या मागे, टाकीच्या पट्ट्याखाली, डॅशच्या आत बघा. तिथे ऊन पोचत नाही. एक जागा निवडून बारीक पॉलिश पेपर पाणी लावून गोल गोल घासत जा. एकात एक कडी दिसू लागतील: वरचा नवा थर, त्याखाली आधीचा, मग लाल प्रायमर, तळाशी राखाडी. प्रत्येक कडी म्हणजे एकेकदा मारलेला रंग. कोरडे घासू नका, जुन्या रंगात शिसे असते.

बिल्ल्यांबाबत एक सोपा नियम. 'मॅसी फर्ग्युसन' हे नाव १९५८ चे. १९५३ मध्ये फर्ग्युसन आणि मॅसी-हॅरिस एकत्र आले तेव्हा कंपनीचे नाव मॅसी-हॅरिस-फर्ग्युसन होते. म्हणून टीई २० च्या कुठल्याही भागावर मॅसी फर्ग्युसनचे नाव दिसले तर तो भाग कंपनीचा असला तरी स्पेअर म्हणून नंतर आलेला.

नवे मडगार्ड आणि बोनेट आज सहज मिळतात, जगभर विकले जाणारे असे बरेचसे पत्रे आपल्याच देशात ठोकले जातात. कडा बघा. जुन्या पत्र्याची कड आत वळवलेली आणि एकसारखी असते, वजनही हातात जाणवते. नकली पत्रा बोटांनी वाजवला की डब्यासारखा वाजतो. कुजलेल्या मूळ मडगार्डला चांगला वेल्डर तुकडा जोडून देत असेल तर नव्याच्या मागे लागू नका.

टायर

पुढे ४.००-१९, मागे १०-२८. आपल्याकडे पुढचे सरसकट ६.००-१६ केलेले असतात, आणि त्यासाठी रिमही बदललेली. १९ ची रिम शोधणे हेच खरे काम, टायर त्यानंतर. मागच्यासाठी दुकानात १०-२८ मागितले तर पोरगा तुमच्याकडे बघत राहील. ११.२-२८ मागा, तेच माप, फक्त लिहायची पद्धत बदलली. १२.४-२८ म्हणजे जुने ११-२८.

ट्रॅक्टर भारतीय असेल तर

इथे इंग्लंडचे पुस्तक समोर ठेवून न्याय करू नका. फरीदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर १९५९ मध्ये बाहेर पडला. कांदिवलीला इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीने १९६० च्या दशकाच्या मध्यापासून बी-२७५ बनवायला घेतला, ज्याची मूळ रचना इंग्लंडातल्या डोंकास्टरच्या कारखान्याची. अशा सुरुवातीच्या ट्रॅक्टरांत परदेशी पार्ट आणि देशी पार्ट शेजारी शेजारी असतात आणि दोन्ही कारखान्यातलेच असतात. कांदिवलीच्या बी-२७५ वरचा देशी डायनॅमो काढून इंग्लंडहून मागवलेला लुकास बसवला तर तुम्ही तो ट्रॅक्टर बिघडवला, सुधारला नाही. इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी १९७७ मध्ये महिंद्रात विलीन झाली, त्यामुळे बोनेटवरचे नाव आणि पाटीवरचे नाव जुळते का तेवढे आधी बघा.

अशा ट्रॅक्टरांसाठी सगळ्यात भरवशाचा कागद म्हणजे त्याच वर्षाचे पार्ट्स कॅटलॉग. जुन्या विक्रेत्यांच्या माळ्यावर, तालुक्याच्या गावातल्या बंद पडलेल्या स्पेअर दुकानात, निवृत्त फिटरांच्या ट्रंकेत ते सापडतात. मागायला जाताना पार्टचा फोटो न्या, नंबर नंतर विचारा. फोटो दाखवला की म्हातारा फिटर बोलायला लागतो, नंबर विचारला की 'बघतो' म्हणतो.

योग्य पार्ट मिळालाच नाही आणि नवा बनवून घ्यावा लागला तर त्याच्या न दिसणाऱ्या बाजूला तो ज्या वर्षी बनवला त्या वर्षाचे शेवटचे दोन आकडे पंच करा आणि वहीत तिसऱ्या रकान्यात लिहा. ती वही ट्रॅक्टरबरोबरच पुढच्या मालकाला द्यायची.